डोळ्यांनी दिलेले पास

ज्यांच्या घरातलं कुणी आज हॉस्पिटलमध्ये हलता न येता पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेल, "वेळ लागेल, पण बरं होईल." त्यातल्या 'वेळ लागेल'वर लगेच विश्वास बसतो, 'बरं होईल'वर बसत नाही. माझाही बसला नव्हता. आज मी स्वतःच्या हातानं टाइप करतेय, चुका होतात, बोटं अजून थोडी हट्टी आहेत. शिवाय माझं मराठी इंदूरचं, त्यात हिंदी घुसणारच. चालवून घ्या.

पास चुकला

राजेंद्र नगरच्या आमच्या घराजवळ एका शाळेत मी खेळाची टीचर आहे. संध्याकाळी त्याच मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवते. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. मागच्या आठवड्यात माझं पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं होतं. त्या संध्याकाळी मी पायलला पास कसा द्यायचा ते दाखवत होते. पायल माझ्या टीमची मिडफिल्डर, अकरावीत शिकणारी, बोलायला कमी आणि पळायला जास्त. अगदी साधा पास होता, मी झोपेतही दिला असता असा. बॉल पायलकडे न जाता पाण्याच्या टाकीकडे गेला. मुली हसल्या, मीही हसले. दुसरा पासही टाकीकडेच गेला. तेव्हा कुणी हसलं नाही.

तळव्यांना मुंग्या येत होत्या. मी नव्या बुटांना दोष दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुकरचं झाकण लावता येईना. संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठायला हातांचा जोर लागायला लागला, आणि हातांतही जोर उरला नव्हता. माझा नवरा अनिल वीज कंपनीत इंजिनिअर आहे. घरातला बल्ब गेला तरी आधी मेन स्विच बंद करणारा, असा शांत माणूस. त्यानं काही न विचारता गाडीची चावी घेतली.

हातोडी

तुकोगंजच्या क्लिनिकमध्ये म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी मला टेबलावर बसवून छोट्या हातोडीनं गुडघ्याखाली टकटक केलं. पाय उडायला हवा होता. त्यांनी पुन्हा मारली. मग दुसऱ्या पायावर. माझे दोन्ही पाय खाली लटकत राहिले, जसे कुणा दुसऱ्याचे.

"मॅडम, घरी नाही जायचं. इथूनच सीधे अॅडमिट," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, आणि त्यांचं ते बसणं मी कधी विसरणार नाही. "याला जीबीएस म्हणतात, नसांचा आजार. आधी आणखी बिघडेल. मग थांबेल. मग हळूहळू सुधारेल. बहुतेक लोक चालायला लागतात. मधल्या दिवसांत हे माझं बोलणं आठवा."

"मी फुटबॉल खेळते," मी म्हणाले.

"खेळत होता की खेळता?"

"खेळते."

"ठीक आहे," म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले.

माझे बाबा महूला एकटेच राहतात. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, त्यांचे वडीलही फौजेतच होते. आई गेल्यापासून स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात. ते हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा अनिलनं त्यांना आजार समजावला: पोटाच्या त्या इन्फेक्शनशी लढता लढता शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा गोंधळते आणि आपल्याच नसांवर हल्ला करते. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. "समजलं, अनिलराव," ते म्हणाले. "आपल्याच तोफखान्यानं आपल्यावर गोळे टाकले. होतं असं. निरोप पोचला की थांबतात."

मला इतकं हसू आलं की नर्स बघायला आली. माझ्या स्वतःच्या आवाजातलं ते बऱ्याच आठवड्यांसाठीचं शेवटचं हसणं होतं.

आठ नंबर

मी कोण होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

महूला बाबांच्या क्वार्टरमागे मैदान होतं. संध्याकाळी जवान फुटबॉल खेळायचे. मी आणि शेजारच्या टेलरमास्टरांची रेहाना कडेला बसायचो. एक दिवस त्यांना दोघे कमी पडले आणि त्यांनी आम्हाला घेतलं. जवान ताकदीनं खेळायचे. मला ताकद नव्हती, म्हणून मी बघायला शिकले. बॉल माझ्याकडे यायच्या आधी कोण कुठे आहे, कोण कुठे जाणार आहे, हे मी पाहून ठेवायची. बॉल आला की माझ्याजवळ थांबायचाच नाही. रेहानाचे पाय हरणाचे. ती पळायची आणि मी तिच्या पुढ्यात बॉल ठेवायची.

असंच आम्ही राज्याच्या टीमपर्यंत गेलो. माझा नंबर आठ, मिडफिल्डर; तिचा नऊ, गोल करणारी स्ट्रायकर. मी देशाच्या कॅम्पलाही जाऊन आले, निळी जर्सी काही सामने घातली. मग गुडघा गेला आणि मी शिकवायला लागले. लोक विचारतात, तुम्ही किती गोल केले? फार थोडे. पेपरात फोटो गोल करणाऱ्याचा येतो. आम्ही फायनल जिंकलो तेव्हाही रेहानाचा कप घेतलेला फोटो आला आणि कडेला कुणाचं तरी कोपर. बाबांनी तो फोटो कापून फ्रेम करून घेतला आणि कोपरावर पेनानं बाण काढून लिहिलं, 'सुजाता'. महूच्या घरात तो अजून लटकलेला आहे.

त्याच्या पुढच्या वर्षीची फायनल आम्ही हरलो. रेहानाचा शेवटचा गोल रेफरीनं ऑफसाइड दिला. तो ऑफसाइड नव्हता, असं ती आजही चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सिद्ध करते.

मशीन

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच झालं. पाय गेले, हात गेले, मग चेहरा जड झाला, आणि एका दुपारी श्वास पुरेना. छातीवर कुणी बसलंय असं नव्हतं वाटत. उलट, श्वास घ्यायचं काम मी विसरत चाललेय असं वाटत होतं. व्हेंटिलेटर लावला. पुढे गळ्याला छोटं छिद्र करून तिथून नळी घातली. आवाज गेला. हलत होते फक्त डोळे.

एक गोष्ट घरच्यांना कुणी नीट सांगत नाही: आत माणूस पूर्ण जागा असतो. मला सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं, आणि सगळं दुखायचं. पायावरची चादरसुद्धा भाजल्यासारखी लागायची. नर्स चांगल्या होत्या. पण त्या विचारायच्या, "पानी? दर्द? नींद?" आणि मला हवं असलेलं चौथंच काहीतरी असायचं.

रेहाना देवासला राहते, तिथल्या शाळेत खेळ शिकवते. ती आली, हात धुतले, माझ्या पायथ्याशी उभी राहिली. रडेल असं वाटलं होतं. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं, मग डावीकडे, मग परत तिच्याकडे.

"सिस्टर," ती म्हणाली, "इसको पानी-वानी कुछ नहीं चाहिए. इसका मुँह खिड़की की तरफ करो."

पलंग फिरवला. खिडकीत कडुनिंबाचा शेंडा होता आणि त्याच्यामागे केवढं तरी आकाश. इतके दिवस मी ट्यूबलाइट बघत होते.

"तुला कसं कळलं?" अनिलनं विचारलं.

"भिया, जिंदगीभर यही करा है," रेहाना म्हणाली. आमच्याकडे 'भैया'चं 'भिया' होतं. "ये कभी आवाज नहीं देती थी. आँख से बोलती थी, मैं भाग लेती थी."

त्यानंतर ती आली की माझी चैन असायची. उशी उंच, उशी खाली, पंखा कमी, त्या मावशींना सांग माझ्या कानाशी फोनवर भांडू नका. सगळं नजरेतून. एकदा मी नुसतं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाबांकडे बघितलं, तर ती म्हणाली, "अंकलजी, घर जाओ, सो जाओ. ऑर्डर है." बाबा उठले. सुभेदारांना ऑर्डर कळते.

अनिलचा तक्ता

अनिलला हे लागत होतं. तो माणूस रोज ऑफिसनंतर यायचा, माझ्या नळ्यांचा हिशेब नर्सपेक्षा चोख ठेवायचा, आणि मला काय हवंय ते त्याला कळायचं नाही. एकदा माझ्या पलंगाशीच तो रेहानाला म्हणाला, "लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मला तिच्या डोळ्यांतलं वाचता येत नाही. तुला बरं येतं." आवाज चढलेला होता. मी त्याला असा कधी ऐकला नव्हता.

रेहाना चिडली नाही. "भिया, मेरे को गोल मारना था, इसलिए सीखी. तुम अपना तरीका निकालो."

त्यानं काढला. इंजिनिअरच तो. दुसऱ्या दिवशी मोठ्या पुठ्ठ्यावर मराठीची सगळी अक्षरं ओळींमध्ये लिहून आणली. तो ओळीवर बोट ठेवायचा, हवी ती ओळ आली की मी पापणी मिटायची. मग त्या ओळीतलं अक्षर. फार हळू काम. पहिला शब्द 'चष्मा' निघाला. त्याचा चष्मा इतका मळला होता की मला बघवेना. तो पुसता पुसता हसला आणि मग बराच वेळ पुसतच राहिला.

मग एका संध्याकाळी मी त्याला तक्ता घ्यायला लावला. 'म' आला. 'र' आला. 'णा' येईपर्यंत त्याला कळलं होतं. हाच प्रश्न मी सकाळी रेहानाला डोळ्यांनी विचारला होता आणि ती म्हणाली होती, "बकवास मत कर." तिचं प्रेम मला कळलं, पण भीती तशीच राहिली.

अनिलनं तक्ता खाली ठेवला. "मला माहीत नाही, सुजाता," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात नाही. कालच्यापेक्षा आज तू मशीनला थोडी मदत करतेयस, असंही म्हणाले. मला तेवढंच माहीत आहे. पण मला खूप भीती वाटते. आणि मी इथून हलणार नाही."

कुणीतरी माझ्याबरोबर खरंखुरं घाबरलेलं आहे, हे कळल्यावर मला शांत झोप लागली. घरच्यांनो, शूर दिसायची फार धडपड करू नका. आम्हाला सोबत हवी असते.

नाक

आमची तन्वी दहावीत आहे. ती गाणं शिकते, फुटबॉलशी तिचं देणंघेणं नाही. सुरुवातीला ती आय.सी.यू.च्या दारापर्यंत यायची आणि परत जायची. अनिल तिला म्हणायचा, "जबरदस्ती नाही." मला वाईट वाटायचं, आणि तिचं बरोबर आहे असंही वाटायचं.

एक दिवस ती आत आली. माझ्याजवळ उभी राहिली, नळ्यांकडे बघितलं, आणि मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "आई, नाक खाजतंय का?"

मी पापणी मिटली. अशी मिटली की उघडायचंच विसरले. तिनं बोटानं नाकाचा शेंडा खाजवला, मग बाजू, मग भुवया, मग कानामागे. आयुष्यात मला पुरस्कार मिळालेत, हार मिळालेत. त्या सुखाची सर कशालाच नाही. ती म्हणाली, "मी घरी झोपून बघितलं, अजिबात न हलता. सगळ्यात आधी नाकच खाजलं." त्या दिवसापासून ती रोज यायची, नाक खाजवायची, आणि शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगायची.

तुम्ही कुणाला भेटायला जाणार असाल तर फळं नका नेऊ. नाकाचं विचारा.

पार्किंगमधली टीम

माझ्या टीमच्या मुलींना आत सोडत नव्हते. पण रेहानानं खिडकीचा उपयोग ताडला होता. एक दिवस तिनं दोन उशा लावून मला थोडं उंच केलं आणि म्हणाली, "नीचे देख."

खाली पार्किंगमध्ये माझी सगळी टीम, किटमध्ये. त्यांनी रिंगण केलं आणि एकमेकींना पास द्यायला लागल्या. एक टच, फक्त एक टच. बॉल कुणाजवळ थांबत नव्हता. त्यांच्यात जुन्या मुलीही होत्या. एक पोलिसात आहे, ती वर्दीतच खेळत होती. दुसरी कडेवर बाळ घेऊन. गार्ड ओरडत आला, "ओ मैडम लोग, ये हॉस्पिटल है!" आणि पोलिसातलीला बघून थांबला. तिनं बॉल त्याच्याकडे सरकवला. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि परत दिला. बरा दिला.

माझ्या जागी तेव्हा रेहानाच मुलींना शिकवत होती, देवासहून आठवड्यातून जमेल तितक्या वेळा येऊन. मला एकच चिंता होती. मी तक्त्यावर अनिलकडून वाक्य काढलं: 'सगळ्यांना स्ट्रायकर करू नको.' केवढा वेळ लागला! ते वाचून रेहाना इतकी हसली की तिला बाहेर काढलं.

आवाज आणि कीस

थांबलेली गोष्ट कधी उलटी फिरली ते नक्की सांगता येत नाही. एके दिवशी खांदा हलला. मग मशीन थोडा थोडा वेळ काढायला लागले. मग नळीला एक छोटी झडप बसवली आणि डॉक्टर म्हणाले, "बोला आता."

सगळे जमले होते. बाबा, अनिल, तन्वी, रेहाना. अनिलनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावला होता. मी रेहानाकडे बघितलं आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "ऑफसाइड होतीस."

"झूठी!" ती ओरडली आणि माझ्या पोटावर डोकं ठेवून रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रेकॉर्डिंगमध्ये माझे दोन शब्द आहेत आणि पुढे नुसता गोंधळ.

मग गिळायची परीक्षा झाली. दह्याचा चमचा. पास झाल्यावर डॉक्टरांनी मऊ खायला परवानगी दिली आणि अनिलनं विचारलं, "काय आणू?" मी म्हणाले, भुट्ट्याचा कीस. तो सराफ्यात गेला. दागिन्यांची दुकानं बंद होऊन खाण्याचे ठेले नुकते लागत होते, पहिल्या कढईतला कीस कमी तिखट करवून घेऊन आला. कोवळा मका, दूध, मोहरी, वरून लिंबू. मी चार-पाच चमचेच खाल्ले. पण डोळे मिटून खाल्ले, कारण आता ते बोलायला लागत नव्हते.

घरी

सगळं गोडगोड नव्हतं. घरी आल्यावरचे महिने मला हॉस्पिटलपेक्षा जड गेले. तिथे मी पेशंट होते. घरी मी आई होते जिला वेणी घालता येत नाही, आणि बायको जिला नवरा आंघोळ घालतो. एकदा अनिलनं न विचारता माझ्या शर्टाची बटणं लावली म्हणून मी त्याच्यावर ओरडले. तो बाहेर जाऊन बसला. मी सगळी बटणं काढली आणि स्वतः लावायला घेतली. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. शेवटचं बटण लागलं तेव्हा मी हाक मारली. अनिल आला, बघितलं, म्हणाला, "एक घर चुकलंय." आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. तो शर्ट मी तसाच दिवसभर घातला.

निकिता नावाची फिजिओ यायची. धारची मुलगी, माळवी बोलायची, गोड आणि निर्दय. "मॅम, बस एक बार और," म्हणायची आणि ते एकदा कधीच एकदा नसायचं. मला सगळं ठाऊक होतं, मी स्वतः मुलींशी वर्षानुवर्षं हेच खोटं बोलत आले होते. तरी रोज फसायची. वॉकर आला, मग काठी आली, मग एक दिवस मी बाल्कनीपर्यंत गेले आणि काठी आतच राहिली होती, हे तन्वीच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

मॅच

पुढच्या थंडीत रेहानानं एका रविवारी सकाळी मॅच ठरवली. आमची जुनी टीम विरुद्ध माझ्या मुली. आमच्यातल्या निम्म्यांची पोटं सुटलेली, एकीचा नातू बरोबर. निकितानं मला परवानगी दिली: मध्यभागी उभं राहायचं, पळायचं नाही. बाबा महूहून इस्त्रीचा ब्लेझर घालून आले आणि लाइनच्या कडेला खुर्ची टाकून बसले.

मी आठ नंबर घातला. बॉल माझ्याकडे आला, मी दिला. पुन्हा आला, पुन्हा दिला. पास बरोबर पोचत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला राग यायला लागला, कारण मुली माझ्याजवळ येतच नव्हत्या. माझ्याभोवती मोठं रिकामं वर्तुळ ठेवून, आदरानं, दुरून बघत होत्या.

हाफटाइमला मी पायलला बोलावलं. आता ती राज्याच्या टीममध्ये माझ्या जुन्या जागी खेळते. "तू मला मार्क का करत नाहीयेस? चिकटून उभी का राहत नाहीस?"

"दीदी, आपको लग गई तो?"

"लागली तर लागली. मी काय मैदानात पूजेला उभी आहे का?"

ती पळत आपल्या टीमकडे गेली. तिचा स्वभाव मी सांगितलाच.

दुसऱ्या हाफमध्ये बॉल माझ्याकडे आला. मी रेहानाला बघितलं, पाय मागे घेतला, आणि पुढच्या क्षणी बॉल तिथे नव्हता. पायलनं बाजूनं घसरत येऊन तो साफ काढून लाइनबाहेर मारला होता. माझा तोल गेला आणि मी आडवी झाले.

पायल तोंडावर हात धरून उभी. बाबा खुर्चीतून उठले. अनिल बूट-बिट न बघता थेट आत पळत आला. मी गवतात पडून हात हलवून बघितले, पाय हलवून बघितले. सगळं जागेवर होतं. गवत थंडगार आणि ओलं होतं. आणि मला हसू फुटलं, असं की श्वास पुरेना, आणि तो न पुरणं किती चांगलं होतं.

अनिलनं हात पुढे केला.

"अनिल, बाहेर जा," मी म्हणाले. "मॅच चालू आहे."

त्यानं हात मागे घेतला. मग मागे सरकला, लाइनपर्यंत. मी कुशीवर वळले, कोपरावर आले, गुडघ्यावर आले, हात गवतावर टेकले आणि उठले. सुंदर नव्हतं ते. वेळही लागला. कुणी मध्ये आलं नाही.

आमच्या शाळेचे सर रेफरी होते. शिट्टी तोंडाजवळ धरून त्यांनी घाबरत विचारलं, "मॅडम, फाउल देऊ?"

"कसला फाउल? तिनं आधी बॉल काढला, सर. थ्रो-इन आमचा."

रेहाना बॉल घेऊन लाइनवर गेली. मी माझ्या जागेवर उभी राहिले. पायल पळत आली आणि माझ्या मागे उभी राहिली, इतकी चिकटून की तिचा गरम श्वास मला मानेवर लागत होता.